कोणी एक

गुळाचा पुडा सोडता सोडता वाहिदमियांचा हात थांबला. रूपचंद वाण्याच्या दुकानातून आलेला पावशेर गूळ, वर सुतळी, आणि सुतळीखाली इंग्रजी छापील कागद. नंदुरबारच्या बाजारात रद्दी येते ती बहुधा सुरतेकडची गुजराती वर्तमानपत्रं; इंग्रजी कागद दिसला तर तो साहेबलोकांच्या बंगल्यातला. हा वर्तमानपत्राचा नव्हता. बारीक टाइप, दोन रकाने, कुठल्या तरी जाडजूड शब्दकोशाचं फाडलेलं पान. गुळाचा चिकट डाग खालपासून वर चढत आला होता, आणि डाग जिथे संपला तिथे ठळक अक्षरात एवढासा शब्द होता : सम. इंग्रजीचं पहिलं पुस्तक हातात धरणाऱ्या पोरालाही येतो असा शब्द. सम वॉटर म्हणजे थोडं पाणी, सम बॉइज म्हणजे काही मुलं, सम मॅन म्हणजे कोणी एक माणूस. वाहिदमियांनी तो एकवीस वर्षं तोंडातून काढला नव्हता. कोर्टात दुभाषाचं काम करायचं आणि हा शब्द टाळायचा म्हणजे मिठावाचून स्वयंपाक करण्यातला प्रकार. पण त्यांनी तो निभावला. ‘ए फ्यू’ म्हटलं, ‘सर्टन’ म्हटलं, कधी वाक्यच उलटं फिरवलं. कारकून मंडळी म्हणायची, मुनशींचं इंग्रजी फार खानदानी बुवा. डोळे अधू झाले म्हणून नोकरी सुटली, ओसरीवर बसून लोकांच्या अर्ज्या लिहिणं सुरू झालं, तरी अर्जीतही तो शब्द कधी आला नाही. आणि आज तो गुळाबरोबर घरात आला. आतून बायकोने, अख्तरबानोने हाक दिली, “सलीमाके अब्बा, गुड देते क्या? पानी उबलके आधा हुआ.” त्यांनी गूळ ताटलीत ठेवून आत सरकवला आणि जाड भिंगाचा चष्मा लावून कागद मांडीवर पसरला.

पहिला अर्थ : थोडे, काही. त्याखाली वापराची उदाहरणं, तीही साळसूद. थोडी भाकरी, काही पाहुणे. दुसरा अर्थ : कोणी तरी, ज्याची ओळख बोलणाऱ्यास नाही अथवा सांगण्याचे कारण नाही. वाहिदमियांनी हे वाक्य दोनदा वाचलं. ज्याची ओळख बोलणाऱ्यास नाही. मग बरोबरच होतं की. छापील कोशच सांगतो आहे. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो निकाल असा गुळाच्या डागात चिकटून आला, आणि क्षणभर छाती हलकी झाली. त्यांनी शब्दाला शब्द दिला होता, कमी नाही, जास्त नाही. दुभाषाचं काम तेवढंच. पानाच्या तळाशी ‘मूळ :’ एवढं छापलेलं होतं आणि तिथे वाण्याच्या हाताने कागद फाटला होता. शब्द कुठून आला ते पुढच्या तुकड्यात गेलं होतं. सोडून द्यायला हरकत नव्हती. अर्थ मिळाला, मूळ घेऊन काय लोणचं घालायचं आहे? पण छाती हलकी झाली ती तितक्याच वेगाने पुन्हा भरून आली, आणि स्वयंपाकघरात अख्तरबानोने कपबशी उचलताना तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. वाहिदमियांनी नेहमीसारखे कान आखडले. दर ईदेला ती नवा चुडा भरायची तेव्हा ते उठून बाहेर जायचे. ती म्हणायची, मणियाराच्या पोटी जन्मला आणि बांगडीला घाबरतो. घाबरत होते हे खरं. चहा न घेताच त्यांनी काठी उचलली.

रूपचंद गिऱ्हाईक नसल्यामुळे शेंगा फोडत बसला होता. “काय मियाँ, गूळ खराब निंघना का?” त्याने विचारलं. “गूळ चांगला शे,” वाहिदमियां म्हणाले, “ह्या कागदना पुढला तुकडा जोयजे.” रूपचंदने कागदाकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अर्जी लिहून लिहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं, पण माणूस भला. “शाळाना जुना मास्तर मरी गयात ना, त्यासनी बाईनी इकं. सव्वा शेर वजन व्हतं त्या पुस्तकनं. दखा, तठे शे उरेल.” गोणपाटावरच्या चळतीत सरळ वरच तो तुकडा होता, अजून कशाला गुंडाळला न गेलेला. वाहिदमियांनी तो दुकानाच्या फळीवर, मिरच्यांच्या वासात, उभ्या उभ्या वाचला. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘कोणी एक विशिष्ट’ अशा अर्थी असे. हजार वर्षांपूर्वीचे लोक तो वापरत, तेव्हा माणूस बोलणाऱ्याच्या पुरता ओळखीचाही असू शके. फक्त त्याचं नाव तो घेत नसे. पुढे संस्कृताशी त्याचं नातं, आणखी कुठल्या भाषांशी, ते त्यांना दिसलं नाही. फळीची कड हाताला लागली ती त्यांनी धरून ठेवली. “पानी देऊ का?” रूपचंद म्हणाला. वाहिदमियांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्यांनाही कळलं नाही. ओळखीचा, पण ज्याचं नाव घेत नाहीत. म्हणजे त्या बाईने साक्षीत जे सांगितलं होतं तेच. हे कुणा मेलेल्या साहेबांना हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं आणि त्यांना, धडगावच्या बाजारात लहानाचे मोठे झालेल्या वाहिदला, ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणेल का?

ठाऊक होतं. तोच तर सल होता. बाप रमजान मणियार, तट्टावर काचेच्या बांगड्यांच्या पेट्या लादून सातपुड्यातल्या बाजारांना जायचा आणि बरोबर वाहिदला न्यायचा. पावरा बायका समोर उकिडव्या बसायच्या, हात बापाच्या हातात द्यायच्या. पहिली बांगडी चढवताना नवऱ्याचं नाव घेऊन दुवा द्यायची ही बापाची रीत. त्याशिवाय बांगडी टिकत नाही असं बायकाही मानायच्या. पण नवऱ्याचं नाव बाई स्वतःच्या तोंडाने कशी घेणार? नवऱ्याचं नाही, त्याच्या थोरल्या भावाचं तर त्याहून नाही. जेठ समोर आला तरी पदर ओढून पाठ फिरवायची. मग बाप पाड्यातली नावं घेत सुटायचा. उदेसिंग? दलसिंग? इंद्रसिंग? मुद्दाम एखाद्या दात पडलेल्या म्हाताऱ्याचं नाव घ्यायचा, बायका खिदळायच्या. आणि खरं नाव आलं की बाई दुसऱ्या हातातली जुनी बांगडी मनगटावर हलकेच आपटायची. झालं. ती काही बोलली नाही, आणि सांगूनही झालं. “नाव आपण घ्यायचं, वाजवायचं तिनं,” बाप म्हणायचा, “घाई करायची नाही. दहा नावं घ्यावी लागली तर दहा.” एका वर्षी बापाला खोकला होता, आवाज फुटत नव्हता. समोर एक नवी नवरी बसली होती, रेवा नावाची, वाहिदच्याच वयाची असेल. बापाने कसंबसं ‘वाहिद’ एवढंच म्हणून खुणेने सांगितलं आणि वाहिदने आयुष्यात पहिल्यांदा नावं घेतली. उदेसिंग? दलसिंग? बाज्या? आणि बांगडी वाजली. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसली. तो आवाज त्याला इतका आवडला होता की तट्टाच्या मागे चालताना तो दिवसभर बाज्या बाज्या म्हणत होता.

काठी टेकत वाहिदमियां घराकडे निघाले होते, पण पायांखाली नंदुरबारचा रस्ता नव्हता. प्रकाशाला तापीच्या काठी प्रांतसाहेबांचा तंबू पडला होता, थंडीचे दिवस, आंब्याखाली टेबल. वाहिदला नोकरी लागून तीन महिने झाले होते. आदल्याच दिवशी एका खटल्यात त्याने पहाडातली कसली तरी रीत समजावून सांगायला तोंड उघडलं होतं आणि साहेबांनी पेन्सिल आपटून म्हटलं होतं, तू कोर्टाचं तोंड आहेस, डोकं नाहीस. बोललं तेवढं सांग. कारकून हसले होते. कान रात्रभर तापलेले होते. दुसऱ्या दिवशी बाज्याचा खटला. जंगलखात्याचा एक नाकेदार नाल्याकाठी कुऱ्हाडीने मारला गेला होता, कुऱ्हाड बाज्याच्या घरची, बाज्या खाली मान घालून मुका उभा. थोरल्या भावाविरुद्ध तो काही बोलणार नव्हता. पाहणारी एकटी रेवाबाई, त्याची बायको. तिला पुढे आणलं. तिने वाहिदला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला, हे त्याने तेव्हाही पाहिलं होतं. घाव कोणी घातला, असं विचारल्यावर तिने पदर नाकापर्यंत ओढला. पिंपळाखाली नातेवाईक बसले होते, त्यांत जामसिंग होता, तिचा जेठ. त्या बाजूला तिने पाठ केली. आणि आपल्या बोलीत म्हणाली, कोणी एक माणूस होता. मग तिने डावं मनगट पुढे धरलं, उजवा हात त्याच्याजवळ आणला, आणि पदराआडून वाहिदकडे बघत थांबली.

आता तू नावं घे. एवढंच ती सांगत होती. एक नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. साहेबांना म्हणता आलं असतं, हुजूर, यांच्यात बायका नाव घेत नाहीत, मी विचारतो, ती खूण करेल. फार तर पुन्हा पेन्सिल आपटली असती. कारकून पुन्हा हसले असते. वाहिदने ताठ उभं राहून सांगितलं, “सम मॅन, सर.” साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, म्हणजे तिच्या ओळखीचा नाही? इथे तरी थांबायचं होतं. एकवीस वर्षांत वाहिदमियांनी त्या शब्दाची हजारदा चिरफाड केली, शब्द बरोबर होता की चूक होता, पण या दुसऱ्या प्रश्नापाशी त्यांनी स्वतःला कधी नेलं नव्हतं. शब्दाच्या आड ते लपून बसले होते. कारण दुसऱ्या प्रश्नाला शब्द नव्हता, नुसतं खोटं होतं. “ती तसंच म्हणते, सर,” तो म्हणाला होता. ती तसं म्हणाली नव्हती. ती मनगट धरून उभी होती. साहेब ओठातल्या ओठात हसले. बायको नवऱ्याला वाचवायला अज्ञात माणूस उभा करते, हे त्यांना नवं नव्हतं. “गुड,” ते वाहिदला म्हणाले, “असंच थोडक्यात सांगत जा.” आणि ती शाबासकी गोड लागली. अजूनही आठवते इतकी गोड. मुक्काम संपून घरी गेल्यावर त्याने बापाला ती सांगितलीसुद्धा. बापाने पूर्ण हकीकत ऐकली, बांगड्यांची पेटी बंद केली आणि विचारलं, “तूने नाम नही लिए?” त्यानंतर बाप मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलला. बाज्याला धुळ्याच्या सेशनात जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगात तापाने गेला. तंबूतून शिपायाने हाताला धरून नेईपर्यंत रेवाबाईचं मनगट तसंच होतं. तो न झालेला आवाज वाहिदच्या कानात बसला, आणि तेव्हापासून कुठेही बांगडी वाजली की आधी तो वळून बघायचा, मग कळायचं की ही ती नव्हे.

घरी चहा गार झाला होता. अख्तरबानो प्रकाशाच्या बाजारासाठी बांगड्या दोऱ्यात ओवत बसली होती. सासऱ्याच्या पश्चात टोपली तिनेच उचलली होती. वाहिदमियांनी तिच्यासमोर बसून विचारलं, “वो पहाडी औरत इस साल आई क्या?” अख्तरबानोचा दोरा थांबला. कापूस वेचणीला पहाडातून माणसं खाली उतरली की एक बाई दर वर्षी तिच्या टोपलीपाशी येऊन बसते, हात रिकामे, घेत काही नाही, नुसती बघते, हे तिने नवऱ्याला फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी तोंड फिरवलं होतं आणि त्यानंतर प्रकाशाचं नावही ऐकून घेतलं नव्हतं. “पिछले बाजार कू बैठी थी,” ती सावकाश म्हणाली. “कल मैं आता,” ते म्हणाले. तिने का म्हणून विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचं नावही कधी घेतलं नव्हतं. मुलगी झाल्यापासून ते सलीमाके अब्बा, कोर्टात मुनशी, ओसरीवर अर्जीवाले मियां. आई गेली तेव्हापासून वाहिद म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्यांना ते बरंच वाटत आलं होतं.

सर्व्हिस मोटारीने तापीपर्यंत आणि पुढे होडीने. पाणी उतरलं होतं, वाळू उघडी पडली होती. देवळाकडे जाणारे यात्रेकरू होडीत गप्पा मारत होते, अख्तरबानो टोपली मांडीवर धरून होती, आणि टोपलीतल्या बांगड्या होडीच्या प्रत्येक हेलकाव्याला वाजत होत्या. वाहिदमियांनी या खेपेस कान आखडले नाहीत. वाजू दिल्या. जुना आंबा अजून उभा होता. बाजार त्याच्याच पलीकडे भरला होता, आणि जिथे साहेबांचं टेबल होतं तिथे एक जण मडकी मांडून बसला होता. अख्तरबानोने फडकं अंथरलं, दोन-चार गिऱ्हाइकं झाली. ऊन कलायला लागलं तेव्हा मडक्यांच्या आडून एक बाई आली आणि काही न बोलता टोपलीपाशी उकिडवी बसली. केस पांढरे, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, मनगटं उघडी. वाहिदमियांनी ओळखलं, आणि तिने ओळखलं की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. काय बोलायचं ते त्यांनी मोटारीत, होडीत जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. आठवली ती बापाची बैठक. ते काठी बाजूला ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघे दुखले तरी बसले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “उदेसिंग?” बाई हलली नाही. “दलसिंग?” तिची नजर वर आली. “बाज्या?” तिचा उजवा हात आपोआप उठला आणि डाव्या मनगटावर टेकला. कातड्यावर कातडं. काहीच वाजलं नाही.

मग वाहिदमियांनी ते नाव घेतलं, जे घ्यायचं राहून गेलं होतं. “जामसिंग?” रेवाबाईने हात खाली घेतला. “जामसिंग मरी गया,” ती म्हणाली. ती सहज त्याचं नाव बोलली. “दोन वरीस व्हयनात. आते लेता येस माले त्यानं नाव. कापूस येचतांना लेस, पानी भरतांना लेस. कोन्ही आयकत नही. त्या रोज तुले लेनं व्हतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर वाहिदमियांना बसायला काही तरी आधार मिळाला असता. “मन्हा हात दुखी गया,” ती म्हणाली, “इतला येळ मी धरी ऱ्हायनू.” वाहिदमियां म्हणाले, “माले समजेल व्हतं. समजीसनबी मी खोटं सांगं.” हे वाक्य त्यांनी जुळवलेलं नव्हतं. अख्तरबानो बांगड्या ओवायची थांबली होती. रेवाबाईने मान हलवली, जणू हे तिला त्या दिवसापासून माहीत होतं आणि आता फक्त कोणी तरी मोठ्याने म्हटलं. “पाडामा लोके इचारेत,” ती म्हणाली, “कोन्ही बुडाडं व तुन्हं घर? मी सांगू, एक माणूस व्हता. मन्ही बोली समजे त्याले. लोके म्हनेत, कोन व्हता? मी कव्हयच सांगं नही.” मग तिने त्यांच्याकडे बघत विचारलं, “तुन्हं नाव काय शे?”

वाहिदमियांनी तोंड उघडलं. कोर्टात दोन भाषांमध्ये वीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं वाहून नेलेलं ते तोंड. त्यातून स्वतःची तीन अक्षरं बाहेर येईनात. मुनशी म्हणता आलं असतं, मणियाराचा पोऱ्या म्हणता आलं असतं. ते नाव मात्र, जे तिने त्या बाजारात बापाच्या तोंडून ऐकलं होतं, ते येईना. त्यांना कळलं की ती विसरलेली नाही. विसरली असती तर एवढी वर्षं या टोपलीपाशी येऊन बसली नसती. रेवाबाईने अख्तरबानोला न विचारता टोपलीतल्या दोन हिरव्या बांगड्या उचलल्या आणि त्यांच्या तळहातावर ठेवल्या. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “नाव मी लेस. तू वाजाड.” भलत्याच नावाला वाजू नयेत म्हणून वाहिदमियांनी बोटं मिटून त्या आवळून धरल्या.

“करीम?” रेवाबाईने विचारलं. तिला घाई नव्हती. “उस्मान?” तिने एका दात पडलेल्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याचं नाव घेतलं, जसा बाप घ्यायचा, पण कोणी हसलं नाही. मग ती थांबली. बाजार चालू होता, होडीवाला पलीकडच्या काठाला हाका मारत होता, आणि अख्तरबानोने का कोण जाणे डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला.

“वाहिद?”

त्यांनी बोटं सोडली, आणि बांगड्या वाजल्या.